३० वाटले, ३८ भरले: एका चुकलेल्या बाणाचं प्रकरण

काय घडलं

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, संध्याकाळचे पावणेसहा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सॉक काउंटीतल्या एका जुन्या गोठ्याच्या शेतावर, बांधावरच्या झाडाला बांधलेल्या मचाणात मी बसलो होतो. मचाण जमिनीपासून १८ फुटांवर. समोर कापणी झालेलं लसूणघासाचं रान, डाव्या हाताला झाडी, आणि रानात मधोमध एकटा ओक. दुपारी मचाणावर चढल्या चढल्या मी त्या ओकचं अंतर रेंजफाइंडरने मोजून ठेवलं होतं. ३० यार्ड. धनुष्याने शिकार करायला लागल्यापासूनचा माझा तिसरा मोसम होता आणि परवाना हरणाच्या मादीचा होता.

झाडीतून मादी बाहेर आली तेव्हा सूर्य टेकडीआड गेला होता. पांढऱ्या शेपटीचं हरीण मोकळ्या रानात कधीच सरळ चालत नाही. दोन पावलं टाकतं, थांबतं, कान फिरवतं, तोंड खाली घालतं आणि लगेच वर करतं. तशीच ती येत राहिली आणि माझ्या नजरेला ओकच्या बरोबर शेजारी आडवी उभी राहिली. रेंजफाइंडर छातीवरच्या पट्ट्याला लटकत होता. तो डोळ्याला लावायचा तर उजवा हात दोरीवरून काढायचा, वर न्यायचा, बटण दाबायचं, परत खाली आणायचा. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी मनाशी म्हणालो, ओक ३० वर आहे, ती ओकजवळ आहे, म्हणजे ती ३० वर आहे. तिने मान वळवल्यावर दोरी ओढली, ३० यार्डांची पिन, म्हणजे त्या अंतरासाठी धनुष्यावर लावलेली नेमाची खूण, खांद्याच्या मागे ठेवली आणि बाण सोडला.

बाणाच्या मागच्या टोकाला बारीक दिवा असतो, म्हणून त्या उजेडातही तो कुठे गेला ते दिसलं. खाली गेला. मादी उसळली, शेपटी दाबून झाडीत शिरली.

माग

ही जमीन ज्यांची आहे ते ७१ वर्षांचे, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेले. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारतो, पण माझ्या मनात ते काकाच आहेत आणि इथे मी त्यांना तेच म्हणणार आहे. शिकारीत जे काही शिकलो ते त्यांच्याकडून. फोन केल्यावर ते अर्ध्या तासाने कंदील घेऊन आले. मुद्दामच उशिरा. घायाळ जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते पळत सुटतं. थांबलं तर बऱ्याचदा जवळच बसतं.

बाण रानातच सापडला. पात्यावर रक्त थोडं, चरबीचा चिकट थर, आणि पांढरे केस. काकांनी ते केस दोन बोटांत धरून कंदिलाजवळ नेले. पाठीचे आणि बरगड्यांवरचे केस तपकिरी-करडे असतात. पांढरे येतात ते पोटाखालून. फुप्फुसाला लागलेल्या बाणावर बुडबुडे असलेलं गुलाबी रक्त मिळतं, तसं काही नव्हतं. बाण छातीच्या अगदी खालच्या कडेला, पुढच्या दोन पायांच्या मधल्या भागात चाटून गेला होता.

झाडीत रक्ताचे थेंब मिळाले. आधी पावला-पावलावर, मग दहा-दहा पावलांवर, मग पडलेल्या पानाच्या कडेला एखादा. शेवटच्या थेंबाजवळ काका कागदाचा कपटा ठेवायचे आणि मी गुडघ्यावर बसून पुढचा शोधायचो. तारेच्या कुंपणापाशी माग संपला. रात्री साडेअकरापर्यंत कुंपणाच्या दोन्ही अंगांना फिरलो. सकाळी पुन्हा गेलो, ओढ्यापर्यंत सगळी झाडी पालथी घातली. मादी मिळाली नाही. पुढचा आठवडाभर काका कावळे आणि गिधाडं कुठे उतरतात का, यावर लक्ष ठेवून होते. कुठेच उतरली नाहीत. अशा जखमेतून हरीण बहुधा वाचतं. बहुधा.

मी हे प्रकरण लिहून काढतोय ते याच शब्दासाठी. माझ्या हातून एका जनावराला जखम झाली आणि तिचं पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही. शिकार करणाऱ्याच्या पदरी याहून वाईट काही नसतं.

३८

सकाळच्या उजेडात मी पुन्हा मचाणावर चढलो. बाण जिथे मिळाला, मातीत खुरांचे खोल ठसे जिथे उठले होते, तिथे काका जाऊन उभे राहिले. मी रेंजफाइंडर लावला. ३८ यार्ड भरले. पुन्हा दाबलं, ३८.

ओकच्या मागे जमीन खोलगट होते. पावसाचं पाणी माती न खरवडता वाहून जावं म्हणून इथल्या उताराच्या शेतांत गवताचे रुंद पट्टे राखतात, तसा एक पट्टा तिथून जातो. मचाणावरून तो खोलगट भाग दबून दिसतो. ओकच्या अलीकडचं गवत आणि पलीकडचं गवत एकमेकांना चिकटल्यासारखं वाटतं. मादी ओकच्या शेजारी नव्हती. खोलगट ओलांडून, त्याच्या मागे ८ यार्डांवर होती.

लाज वाटावी अशी गोष्ट ही की हे मला वयाच्या अठराव्या वर्षी शिकवलं होतं. कॉलेजात एनसीसीला असताना अंतराचा अंदाज हा स्वतंत्र धडा असायचा. ज्यांनी खाकी घातली त्यांना आठवत असेल: १०० यार्डांचं माप मनात धरून मोजणं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असेल ते ठरवून मधला आकडा घेणं, अर्ध्या अंतराचा अंदाज घेऊन दुप्पट करणं, सेक्शनमधल्या सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी, आणि ‘की रेंज’, म्हणजे एका ठळक खुणेचं अंतर आधी पक्कं करून बाकीचं तिच्यावरून ताडणं. आणि त्याच धड्यात हेही होतं की मध्ये न दिसणारी खोलगट जमीन असेल, तर वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. उस्ताद मैदानावर हे घोकून घ्यायचे. मी की रेंज घेतली, पण एकच घेतली, आणि तिच्या मागे काय आहे ते पाहिलं नाही.

आता ८ यार्डांनी काय होतं ते बघा. माझा बाण सेकंदाला साधारण २६० फूट वेगाने सुटतो. ३० यार्ड म्हणजे ९० फूट गाठायला त्याला एक तृतीयांश सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो जवळजवळ २३ इंच पडतो. ३८ यार्डांना लागतात ०.४४ सेकंद आणि पडणं होतं ३७ इंच. पिन ३० साठी लावलेली असल्यामुळे त्यातलं बरंचसं आधीच धरलेलं असतं, तरी हिशेब केला की बाण ठरल्या जागेपेक्षा ७ ते ८ इंच खाली लागतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण ८ ते १० इंच व्यासाची. मध्यावर नेम धरला तर वर-खाली चार-पाच इंचांची सूट. ७ इंच म्हणजे त्या जागेच्या बाहेर, छातीची खालची कड. पात्यावरचे पांढरे केस आणि हा हिशेब एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

बंदुकीवाल्याला एवढी अडचण नसते. ३०-०६ सारख्या रायफलीचा नेम २०० यार्डांवर बांधला तर २५० यार्डांपर्यंत अंतर थोडं चुकलं तरी गोळी त्या जागेतच जाते. धनुष्याला १० यार्डांची चूकही झेपत नाही. म्हणून रेंजफाइंडरचा प्रश्न धनुष्यवाल्यांना आधी भिडतो, आणि रायफलवाल्यांना ३०० च्या पुढे.

मोजलं असतं तर?

हे सगळं ऐकल्यावर माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकच निष्कर्ष काढला: रेंजफाइंडर वापरायला हवा होतास. उपकरणावर माझा विश्वासच आहे. ते डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा झोत सोडतं, परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि प्रकाशाच्या वेगावरून अंतर काढतं. ३८ यार्डांसाठी जाऊन-येऊन सुमारे २३० नॅनोसेकंद. उंचावरून खाली किंवा चढावर वर नेम धरायचा असेल तर आडवं अंतर वेगळं काढून देतं, आणि डोंगरात ते फार महत्त्वाचं असतं: ३० अंशांच्या उतारावर ४० यार्डांचा नेम ३५ यार्डांसारखा धरावा लागतो. माझ्या १८ फुटांच्या मचाणावरून तेवढा फरक पडत नाही, जेमतेम अर्धा यार्ड. कधी ते फसतंही. पुढ्यातलं गवताचं पातं किंवा फांदी झोत परतवते आणि जवळचा आकडा येतो. धुक्यात येतच नाही. थंडीत बॅटरी मान टाकते. पण एरवी माणसाच्या डोळ्यापेक्षा ते कितीतरी खरं बोलतं.

तरीही ‘मोजलं असतं तर’ याची उत्तरं माझ्या हिशेबी तीन निघतात, आणि तिन्ही सारखी नाहीत.

एक, हात हलवताना मादीने मला पाहिलं असतं आणि ती निघून गेली असती. माझा मोसम रिकामा, तिची कातडी शाबूत. यात वाईट काही नाही. बाण सोडण्याच्या घाईत हा पर्याय माणसाला पराभवासारखा वाटतो, एवढंच.

दोन, मी ३८ वाचलं असतं आणि धनुष्य खाली ठेवलं असतं. कारण घरामागच्या लक्ष्यावर माझे सहापैकी सहा बाण जेवणाच्या लहान ताटलीएवढ्या जागेत बसतात ते ३० यार्डांपर्यंतच. ३५ ला पाच बसतात. ४० ला कधी चार, कधी तीन. मोसमाच्या आधी मी स्वतःशी ठरवलं होतं, ३० च्या पुढे नाही.

तीन, मी ३८ वाचलं असतं आणि ४० ची पिन किंचित खाली धरून बाण सोडला असता. माझ्या धनुष्यावर ४० ची पिन आहे. ती कशाला लावून घेतली होती? त्या संध्याकाळी, त्या उजेडात, तीन तास थंडीत बसल्यावर, आडवी उभी असलेली मादी समोर असताना मी दोन निवडला असता की तीन? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तीनचीच भीती वाटते. आकडा अचूक असला की आपलं कसबही अचूक झाल्यासारखं वाटायला लागतं.

आणि तिसऱ्या वाटेवर आणखी एक गोष्ट उभी असते, जी कुठलंही उपकरण मोजत नाही. धनुष्याच्या दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास धावतो. ३८ यार्डांवर तो एक दशांश सेकंदात पोचतो. बाण पोचतो ०.४४ सेकंदांनी. मधला तिसरा हिस्सा सेकंद त्या हरणाचा असतो. दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, आणि तेवढ्या वेळात अर्धा-पाऊण फूट सहज खाली जातं. २० यार्डांवर त्याला एवढी सवड मिळत नाही. म्हणजे ३८ हा आकडा पक्का माहीत असूनही बाण पोचेपर्यंत जनावर त्याच जागी असेल याची हमी कोणी देत नाही. माझी मादी दबली नव्हती, नाहीतर बाण उलट वर लागला असता.

नियम काय म्हणतात

हातात धरायचा रेंजफाइंडर विस्कॉन्सिनमध्ये कायद्याला चालतो. वाद सुरू होतो तो उपकरण धनुष्यावरच बसवलं की. गार्मिन कंपनीने २०१८ मध्ये नेम धरायची अशी साइट आणली की जी पूर्ण ओढलेल्या धनुष्यावरच अंतर मोजते आणि त्या अंतराची पिन काचेवर प्रकाशाने उमटवते. माझी त्या संध्याकाळची नेमकी अडचण, हात हलवण्याची, तिने सुटते. पण धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब, १९६१ पासूनचा, अशा धनुष्याने मारलेलं जनावर नोंदवहीत घेत नाही. धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारं काहीही जोडलेलं त्यांना चालत नाही. अपवाद बाणाच्या शेपटीच्या दिव्याचा, आणि अंतर मोजायला किंवा नेम धरायला मदत न करणाऱ्या कॅमेऱ्याचा. आयडाहो राज्याचा कायदाही धनुष्यावर चढवलेल्या विजेच्या उपकरणांना मज्जाव करतो.

मला ही रेघ योग्य जागी ओढलेली वाटते. हातातलं उपकरण वापरायला थांबावं लागतं, आणि ते थांबणंच शिकाऱ्याला एकदा विचार करायची संधी देतं. धनुष्यावरचं उपकरण ती संधी काढून घेतं.

याच काउंटीत, बाराबूजवळ, विस्कॉन्सिन नदीच्या काठी आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये एक उजाड शेत विकत घेतलं होतं. वन्यजीव व्यवस्थापन हा विषय ज्यांनी विद्यापीठात उभा केला तेच लिओपोल्ड. ते स्वतः लाकडाची धनुष्यं घडवत आणि त्या धनुष्यांनी शिकारही करत. देशातला हरणांसाठीचा पहिला धनुष्याचा मोसम १९३४ मध्ये भरला तो याच सॉक आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत. शिकाऱ्यांच्या अंगावर वाढत चाललेल्या यंत्रतंत्राची त्यांनी तेव्हाच चिंता केली होती, आणि तेव्हा लेझर जन्मालाही आला नव्हता. काकांच्या वडिलांनी लिओपोल्डना पाहिलेलं होतं. काका ते अजून अभिमानाने सांगतात.

रायफलीच्या बाजूला हे प्रकरण जास्त बिघडलंय असं माझं मत आहे. अचूक अंतर हातात आल्यापासून ५००-६०० यार्डांवरून जनावर मारणं ही फुशारकीची गोष्ट झाली. अंतर मोजता आलं तरी वारा मोजला जात नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर गोळीला दीड-दोन फूट बाजूला नेतो, आणि तुमच्या गालाला लागणारा वारा आणि दरीच्या मध्ये वाहणारा वारा हे सारखे नसतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपत गेली, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटेल. पण वस्तीत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करणाऱ्या पशुवैद्याला विचारा. वायूच्या दाबावर चालणाऱ्या त्या बंदुकीत दाब अंतराप्रमाणे ठेवावा लागतो. अंतर कमी धरलं तर सुई अलीकडे पडते, जास्त धरलं तर ती जनावराच्या अंगात नको तेवढी घुसते. तिथे रेंजफाइंडर हवा की नको यावर कोणी वाद घालत बसणार नाही.

३० च्या पलीकडची फीत

सिंधुदुर्गात माझ्या आजोबांकडे शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या आधीची गोष्ट. रात्री नाचणीत डुक्कर यायचे. ठासणीच्या बंदुकीला बार एकच, पुन्हा भरेपर्यंत डुक्कर अंगावर. आजोबांचा नियम असा की दिवसा माळ्यापासून पावलं टाकत जायचं, २० पावलांवर एक दगड ठेवायचा, आणि दगडाच्या अलीकडे डुक्कर आल्याशिवाय चाप ओढायचा नाही. दगडापलीकडे किती डुकरं आली, किती नाचणी गेली, तरी नाही. हे मी लहानपणी वडिलांकडून ऐकलं होतं आणि तो नियम मला भित्रेपणाचा वाटला होता.

काकांची पद्धत तीच. ते रेंजफाइंडर वापरत नाहीत, पण प्रत्येक मचाणाभोवतालची झाडं त्यांनी पावलांनी मोजलेली आहेत आणि २५ यार्डांच्या पुढे त्यांनी उभ्या आयुष्यात बाण सोडलेला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच मचाणाभोवती उपकरणाने मोजून फिती बांधल्या: २० ला, २५ ला, ३० ला ओकवर लाल. शिवाय ३८ ला आणि ४५ ला दोन झुडपांना पिवळ्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन्ही पिवळ्या फिती सोडलेल्या.

“तिकडचं अंतर तुला कशाला हवंय?” काकांनी विचारलं. “तिथे तू बाण सोडणारच नाहीस ना?”

मी म्हणालो, ओकच्या मागची खूण नव्हती म्हणूनच मी फसलो. तिथे पिवळी फीत असती तर मादी लाल फितीपाशी नाही, पिवळीपाशी आहे हे मला दिसलं असतं.

“फीत असती तर तुला ३८ कळले असते,” ते म्हणाले. “आणि तुझ्या धनुष्यावर ४० ची पिन आहे.”

त्यांना उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ४० ची पिन मी पान्याने सोडवून काढली आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीतल्या बरणीत टाकली, जुन्या खिळ्यांमध्ये. मग आम्ही दोघं रानात गेलो. जिथे मादीच्या खुरांचे ठसे उठले होते तिथे त्यांनी स्वतः कुऱ्हाडीच्या तुंब्याने एक खुंटी ठोकली आणि तिला पिवळी फीत बांधली. ४५ ची मात्र त्यांनी बांधू दिली नाही.